दुसऱ्या परिच्छेदाखाली

“सर, आधीचं जास्त बरं होतं,” खिडकीजवळच्या बाकावरून कोणीतरी म्हणाले, आणि प्राध्यापकांनी पुस्तकात खुणेसाठी घातलेला कागद काढता काढता, मान वर न करताच, “आधीचे कुठले?” म्हणून विचारले. “तुम्ही खोडलंत ते.” बोलणाऱ्या मुलाला वर्गात सारे वकील म्हणत, हजेरीच्या वेळी तो नुसते ‘हजर’ म्हणून कधी थांबत नसे, ‘हजर आहे असं धरून चाला’ म्हणे, आणि प्राध्यापकांना त्याचा हा वात्रटपणा मनातून आवडतही असे. म्हणून त्यांनी आधी हशाची वाट पाहिली. हशा आला नाही. नऊ मुले त्यांच्याकडे पाहत होती, आणि त्या पाहण्यात चेष्टा नव्हती, भीती नव्हती, रागसुद्धा धड नव्हता. मापात मारताना दुकानदार सापडला की गिऱ्हाईक तराजूकडे न बघता त्याच्या हाताकडे बघते, तसे ते पाहणे होते. दहावी जागा, दुसऱ्या ओळीतली भिंतीकडची, रिकामी होती. “नीट सांग,” प्राध्यापक म्हणाले. वकील उभा राहिला. “परवा दुपारी तुम्ही सगळ्यांच्या निबंधांवर शेरे देत होता ना सर, त्या एकत्र फाइलमध्ये. आम्ही कॅन्टीनमध्ये बसून बघत होतो. बारकीच्या निबंधात तुम्ही आधी लिहिलंत, ‘हे रडगाणे आहे. हिला भाषा नाही, आणि यायचीही नाही.’ मग ते शेवटाकडून एकेक अक्षर पुसलंत. आणि मग लिहिलंत, ‘आशय प्रामाणिक, मांडणीकडे अधिक लक्ष द्यावे.’” एवढे बोलून तो थांबला, पण बसला नाही. “बारकी आमच्यातच बसली होती.”

प्राध्यापकांच्या तोंडून त्या क्षणी जे वाक्य निघाले ते, त्यांच्या सगळ्याच वाक्यांप्रमाणे, निर्दोष होते. “जे लेखकाने स्वतः खोडले, ते त्याने लिहिलेच नाही असे समजण्याची सभ्य जगात रीत आहे.” वकिलाने यावर थोडा विचार केल्यासारखे केले. “लिहिलेलं तुम्ही मागे घेतलंत सर, मान्य. वाचलेलं तिनं कसं मागे घ्यायचं?” आणि तो बसला. पुढचा तास प्राध्यापकांनी शिकवला. जुन्या गद्यातले एक लांब वाक्य त्यांनी फळ्यावर उतरवले, त्याची उपवाक्ये वेगवेगळ्या रंगांच्या कंसांत घातली, आणि लेखक शेवटच्या क्रियापदापर्यंत वाचकाला श्वास रोखून कसा नेतो, ते दरवर्षी सांगत तसे सांगितले. फक्त या वेळी स्वतःचा आवाज त्यांना शेजारच्या खोलीतून यावा तसा येत होता. ‘रडगाणे.’ हा शब्द आपण लिहिला, हे त्यांना आठवत होते. तो लिहिताना लागलेली बोटांची ऊब, तो पुसल्यावर मिळालेला गारवा, दोन्ही आठवत होते. एवढेच आठवत नव्हते की त्या वेळी खोलीत दुसरे कोणी होते. खोलीत कोणी नव्हतेच. टेबल, खिडकी, बाहेर समोरच्या इमारतीच्या गच्चीवर वाळत घातलेल्या चादरी, आणि स्वयंपाकघरात पाणी भरत असल्याचा आवाज. इतक्या एकांतात माणूस उघडा असला तरी त्याला उघडा म्हणत नाहीत.

ती फाइल आली कशी, हे सांगायचे तर खापर एकट्यावर फोडता येत नाही. प्राचार्यांना कुठल्याशा परिषदेतून येताना ‘सहयोगी अध्यापन’ हा शब्द सापडला होता, आणि सापडलेली वस्तू माणूस सगळ्यांना दाखवतो तसा त्यांनी तो सगळ्या विभागांना दाखवला. मग संख्याशास्त्र शिकवणारी एक तरुण बाई प्रशिक्षण द्यायला उभी राहिली. सगळ्या वर्गाने एकाच फाइलमध्ये लिहायचे. एकाचे दुसऱ्याने वाचायचे, सुचवायचे, दुरुस्त करायचे. शिक्षकाने त्यातच शेरे द्यायचे. म्हणजे ज्ञान वरून खाली न येता आडवे पसरेल. आडवे पसरते ते सांडलेले दूध, असे प्राध्यापक तेव्हा शेजारच्याच्या कानात म्हणाले होते, आणि शेजारचा हसला होता. फाइल उघडली की प्रत्येकाच्या नावाची एक रंगीत उभी रेघ पानावर लुकलुकत असे. मुले तिला कर्सर म्हणत. दहा मुलांच्या दहा रंगांच्या रेघा एकमेकींत घुसत, अर्ध्या वाक्यात थांबत, कोणाच्या तरी शब्दाला मागून टोचत. आणि त्यांच्यात एक करडी रेघ ‘सर’ या नावाची. पहिल्यांदा ते दृश्य पाहिले तेव्हा प्राध्यापकांना लिहिण्याच्या खोलीची आठवण झाली नाही, तर चव्हाट्यावरच्या नळाची झाली. लेखन ही त्यांच्या मते दार लावून करायची गोष्ट होती. ज्याला दार नाही ते लेखन नव्हे, ती बोलाचाली; आणि बोलाचाली करायला मुलांना महाविद्यालयात घालण्याचे कारण नव्हते, ती त्यांना येतच होती. मुलांनी त्यांचे नाव ‘अर्धविराम’ ठेवले होते, कारण त्यांचे वाक्य संपले असे वाटून लिहिणाऱ्याने पेन खाली ठेवले की ते पुढे सुरू होई. हे नाव त्यांच्या कानावर आले होते. त्यांना ते टोपणनाव कमी आणि पदवी जास्त वाटले होते.

पण त्यांच्या पद्धतीत, त्यांना वाटे, लपवण्यासारखे काही नव्हते. ती त्यांनी काकांकडून घेतली होती. काका न्यायालयात लेखनिक होते, आणि न्यायाधीश साहेब कच्च्या कागदावर काय काय लिहून फाडतात ते त्यांनी जन्मभर पाहिले होते. “राग कच्च्यावर, निकाल पक्क्यावर,” असे ते जेवताना, कोणी विचारले नसतानाही, सांगत. प्राध्यापकांनी नोकरीच्या पहिल्या वर्षी हे वाक्य उचलले आणि त्याची रीत केली. निबंध हातात आला की आधी समासात शिसपेन्सिलीने जे मनात येईल ते लिहायचे. जेवढे लागट सुचेल तेवढे लागट. ‘गाढव.’ ‘हा मुलगा चोर आहे आणि चोरलेलेही त्याला कळलेले नाही.’ ‘आई, मला वाचव.’ मग खोडरबर. मग शाईने, शांतपणे, दोन तोललेली वाक्ये. खोडरबराच्या चुऱ्यावर फुंकर मारताना त्यांना दरवेळी हलके वाटे, जणू समाजाचे एक छोटेसे नुकसान आपण टाळले. आणि सगळा निबंध शब्दन्शब्द वाचत बसायचीही त्यांना गरज पडत नसे. शितावरून भाताची परीक्षा होते; एक परिच्छेद, फार तर दोन, आणि मुलाच्या हातात गद्य आहे की नाही ते कळते. सुतार फळीवर टकटक करतो, सगळी फळी कापून बघत नाही. इतक्या वर्षांत किती फळ्या हाताखालून गेल्या, आणि एकाही पालकाची तक्रार आली नाही. उलट समारंभांतून प्रौढ झालेले विद्यार्थी भेटत आणि म्हणत, सर, तुमचे शेरे किती सौम्य असायचे. सौम्य. हा शब्द त्यांना हारापेक्षा जास्त आवडे.

तासानंतर शिक्षकांच्या खोलीत ती संख्याशास्त्राची बाई कपाटापाशी उभी होती. प्राध्यापकांनी तिच्याशी आजवर कामापलीकडे बोलणे केले नव्हते. आता त्यांनी कामाचेही सोडून दिले. “आपले यंत्र चहाड आहे,” ते म्हणाले. “माणूस लिहीत असताना त्याच्या खांद्यावरून वाचणाऱ्याला आम्ही लहानपणी चापट मारीत असू.” बाईने कपाटाची किल्ली पर्समध्ये टाकली. “मी सांगितलं होतं सर, ट्रेनिंगच्या दिवशी. टाइप कराल ते त्याच क्षणी सगळ्यांना दिसतं, आणि पुसलं तरी हिस्टरीत राहतं. दोनदा सांगितलं. तुम्ही मागे बसून पेपर वाचत होता.” “मी ऐकत होतो.” “मग प्रश्नच मिटला,” ती म्हणाली, आणि तिच्या स्वरात एवढीसुद्धा धार नव्हती, म्हणून तो जास्त बोचला. तेवढ्यात प्राचार्यांचे बोलावणे आले. प्राचार्यांच्या टेबलावर एकच कागद होता आणि त्यावर काचेचा गोळा ठेवला होता. बारकीने विषय बदलून मागितला होता; अर्जावर विषयशिक्षकाची सही हवी होती. “तक्रार नाही केलेली हो तिनं,” प्राचार्य म्हणाले, “‘वैयक्तिक कारण’ असं लिहिलंय. शहाणी आहे. पण तुम्ही हिशेब बघा. दहाच्या खाली पटसंख्या गेली की पुढच्या वर्षी गद्याचा पेपर बंद. नियम माझा नाही. तिला थांबवा. दोन गोड शब्द बोला. तुमच्या हातात काय, तोंडातच सरस्वती आहे.” ‘तोंडातच’वर दिलेला भार प्राध्यापकांनी ऐकला आणि त्याचे उत्तर शोधत जिना उतरले, ते उत्तर त्यांना रस्त्यावर, औषधांच्या दुकानासमोर सापडले, आणि तिथे ते ऐकायला कोणी नव्हते.

गद्याचा पेपर बंद. हे तीन शब्द घेऊन ते घरापर्यंत चालत गेले. बस आली होती, तिच्यात जागाही होती, पण बसमध्ये प्रत्येकाच्या हातात तो चौकोनी उजेड असतो आणि प्रत्येकजण कोणाच्या तरी लिहिण्याकडे बघत असतो, हे त्या संध्याकाळी त्यांना सहन होणारे नव्हते. रस्त्याचे काम चालू होते. लोखंडी पत्र्यांच्या आडोशाला भोके पाडून लोक आत बघत होते, आणि आत बघण्यासारखे काही नव्हते, एक खड्डा आणि त्यात उभे पाणी. बघायला मिळते म्हणून बघायचे, एवढीच आता माणसाची जिज्ञासा उरली आहे, असे एक वाक्य त्यांच्या मनात तयार झाले आणि त्यांना बरे वाटले. मग ती मुलगी आठवली. नीट आठवली असे नाही. बारकी म्हणजे शरीराने बारीक, केस मागे घट्ट बांधलेली, प्रश्न न विचारणारी, वहीत फार लहान अक्षर काढणारी, यापलीकडे काही हाताला लागेना. निबंधाचा विषय ‘एक खोली’ होता. तिने कोणत्या खोलीवर लिहिले होते? ‘खोली म्हणजे केवळ चार भिंती नव्हेत’ अशी सुरुवात होती, हे पक्के आठवले, कारण तिथेच त्यांच्या हाताला खाज सुटली होती. पुढे अश्रू होते. कोणाचे, ते आठवेना. ठीक आहे, अश्रू सगळे सारखेच असतात. पण ‘यायचीही नाही’ एवढे तरी आपण लिहायला नको होते, असे त्यांनी मान्य केले, आणि मान्य करताना आपण न्यायी आहोत हे त्यांच्या लक्षात आले.

घरी ते थेट टेबलाशी बसले आणि माफीचा मजकूर लिहू लागले, कागदावर, शिसपेन्सिलीने. बायको रक्तपेढीत तपासनीस होती. दिवसभर काचेच्या नळ्या उजेडासमोर धरून तिला प्रत्येक गोष्टीकडे तशीच, एक डोळा बारीक करून, बघायची सवय लागली होती. तिने लसूण सोलत सोलत दारातून विचारले, “काय चाललंय?” त्यांनी सगळे सांगितले. तिने ऐकले आणि म्हणाली, “वाचा बघू.” त्यांनी वाचले. ‘क्षणिक उद्वेगाच्या भरात लेखणीतून उतरलेले आणि विवेकाने तत्काळ मागे घेतलेले ते शब्द दुर्दैवाने तुझ्या दृष्टीस पडले, याचा मला मनःपूर्वक खेद वाटतो, तथापि—’ “तथापि राहू द्या,” बायको म्हणाली. “तुम्ही माफी मागताय, का तिला ते दिसल्याबद्दल रुसताय?” “तुला वाक्यरचना कळते का?” “मला माणसं कळतात. रक्त नाही का कळत?” आणि लसणाची साले ओंजळीत गोळा करत तिने आणखी एक विचारले, “पोरीनं लिहिलं होतं काय पण?” “एका खोलीविषयी.” “कुठल्या?” प्राध्यापकांनी पेन्सिलीला टोक काढायला घेतले. टोक आधीच होते. “तिच्या घरातली असावी,” ते म्हणाले. बायकोने पुढे विचारले नाही, आणि तिच्या न विचारण्याचा त्यांना फार राग आला. फाइल उघडून एकदा पाहून घ्यावी, असे मनात आले होते. पण फाइल उघडली की करडी रेघ उगवणार, आणि कुठेतरी कॅन्टीनमध्ये, कोणाच्या तरी अंथरुणात, कोणाच्या तरी जेवणाच्या ताटापाशी ती दिसणार. बघा, अर्धविराम आला. आता पुरावा बघतोय. त्यांनी ती उघडली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी बारकी संगणकांच्या खोलीत भेटली. तिथेच भेटायचे तिने चपराशाबरोबर कळवले होते. खोलीत पंखा होता, बंद पडद्यांची रांग होती, आणि एक पडदा चालू होता. ती उभी राहिली नाही, हे त्यांना जाणवले, आणि जाणवले याची लाजही वाटली. त्यांनी खिशातून कागद काढला. बायकोच्या म्हणण्याप्रमाणे ‘तथापि’ गेले होते. बाकी मजकूर रात्रीत आणखी घासून त्यांनी असा केला होता की त्यात एक शब्द इकडचा तिकडे करता आला नसता. “मी तुला जे—” त्यांनी सुरुवात केली.

“सर, रडगाणं म्हणालात ते बरोबरच आहे,” ती म्हणाली. तिचा आवाज त्यांनी इतका वेळ सलग प्रथमच ऐकला. तो बारीक नव्हता. “मी घरी आईला वाचून दाखवलं तेव्हा तीसुद्धा हसली. म्हणाली, अगं आपण एवढे कुठं रडतो. त्याचं मला काही नाही.”

“मग?”

“तुमचा कर्सर दुसऱ्या परिच्छेदाखाली होता.”

त्यांना कळले नाही. ते तसे म्हणाले.

“रडगाणं तुम्ही दुसऱ्या परिच्छेदाखाली लिहिलंत. तिथंच पुसलंत. तिथून एकदम शेवटी उडी मारलीत आणि लिहिलंत, आशय प्रामाणिक. मधले चार परिच्छेद सर, तुमची रेघ एकदाही थांबली नाही. वाचणाऱ्याची थांबते, आम्हाला माहितीये, आम्ही रोज एकमेकांची बघतो. वकील म्हणाला, वाचतील गं, आत्ता परत वर येतील. आम्ही थांबलो. चहा गार झाला सगळ्यांचा. तुम्ही पुढच्याच्या निबंधावर गेलात. मला वाईट म्हणालात ते तेवढं वाचून म्हणालात. चांगलं म्हणालात ते न वाचताच. ते कशाला म्हणालात?”

प्राध्यापकांच्या हातात कागद होता आणि त्यावर जे लिहिले होते ते एका वेगळ्याच गुन्ह्याचे कबुलीपत्र होते. त्यांनी तो घडी घालून खिशात ठेवायचा प्रयत्न केला, खिसा सापडेना. शीत, ते मनात म्हणाले, भात, आणि ही म्हण जन्मात प्रथमच त्यांना एखाद्या परक्या भाषेतल्यासारखी, कशाचाच अर्थ न सांगणारी वाटली. कारण भाताची परीक्षा शितावरून होते ती भात शिजला की नाही एवढ्यापुरती. तो खाल्ला असे त्याने होत नाही. आयुष्यभर त्यांना वाटत आले होते की आपण कठोर आहोत आणि सभ्यपणाने तो कठोरपणा झाकतो. कठोर माणूस निदान समोरच्याकडे बघतो तरी. खोडरबराच्या चुऱ्याखाली झाकलेले होते ते एवढेच, की आपण तिथे नव्हतोच; आणि ती दोन तोललेली, शाईची, सौम्य वाक्ये, ज्यांबद्दल प्रौढ माणसे समारंभांत हात धरून आभार मानत, ती कोणालाही लागू पडली असती, आणि पडत होती. आशय प्रामाणिक. मांडणीकडे लक्ष द्यावे. त्यांना त्या मुलीचा संताप आला. इतका, की तिच्या घट्ट बांधलेल्या केसांना, मोकळ्या हातांना, त्या पंख्याला, यंत्राला आणि ते आणणाऱ्या सगळ्यांना एका वाक्यात गोवून उभे चिरावे असे वाटले, आणि ते वाक्य तयारही झाले. पण ते म्हणायचे तर तिच्याकडे बघणे आले, आणि ते त्यांना जमेना.

“आता वाचा,” बारकी म्हणाली, आणि खुर्ची सरकवून पडद्यासमोरची जागा मोकळी केली. “कर्सर ठेवून. ओळीओळीनं. मी बघते.”

ते बसले. करडी रेघ पानावर उगवली. पानाच्या वरच्या कोपऱ्यात, कोण कोण आले आहे ते दाखवणारी छोटी वर्तुळे असत, तिथे एक हिरवे आले. मग एक केशरी. मग निळे, ते वकिलाचे. कोणी कोणाला कळवत होते कोणास ठाऊक, पण ते ‘खोली म्हणजे केवळ चार भिंती नव्हेत’ या वाक्याशी पोहोचेपर्यंत कोपरा भरला होता. त्यांनी पहिला परिच्छेद वाचला. वाईट होता. दुसरा वाचला. तो जास्त वाईट होता. त्यात एक रिकामी आरामखुर्ची होती आणि तिच्यावर अश्रू होते. हात आपोआप थांबला. मागे ती उभी होती, श्वाससुद्धा ऐकू येईल इतकी जवळ. त्यांनी बाणाची कळ दाबून रेघ खाली उतरवली, तिसऱ्या परिच्छेदावर, जिथे ती कधी गेली नव्हती. तिथे खोली होती. वडील गेल्यावर आईने ती मधोमध प्लायवूडने दुभागून पलीकडचा भाग एका भाडेकरूला दिला होता. तो कामाला कुठे जातो ते मायलेकींना माहीत नव्हते. पण पलीकडे तो जागा असला की मधूनमधून, काही कारण नसताना, खोकत असे, म्हणजे अलीकडे बोलणाऱ्यांना कळावे की आपले ऐकू जाते आहे. चौथ्या परिच्छेदात मायलेकी भांडताना तो खोकतो, आणि त्या आवाज खाली आणतात. पाचव्यात आई एकदा पहाटे आजारी पडते, पलीकडून खोकला येत नाही, आणि मुलीला वाटते, हा झोपला असेल. पण थोड्या वेळाने दाराशी पाण्याचे भांडे ठेवलेले सापडते. सहाव्यात तो खोली सोडून जातो, आणि त्यानंतर घरात दोघी काही बोलायचे झाले की आधी थांबतात, खोकल्याची वाट बघतात. त्यापुढे खोलीचा अर्थ सांगणारे एकच वाक्य होते, आणि निबंध संपत होता. तिथे कोणी रडत नव्हते. वाक्ये आखूड होती, दोन ठिकाणी मोडकी होती, आणि प्राध्यापकांना त्यांतले एकही रंगीत कंसांत घालता आले नसते.

त्यांची बोटे कळांवर गेली. सवयीने जे पहिले येते ते आले नाही. सगळे रंग हलायचे थांबले. मग त्यांनी लिहिले, ‘हा निबंध तिसऱ्या परिच्छेदापासून सुरू होतो. पहिले दोन काढून टाक. शेवटचे वाक्यही काढ. त्याआधीच संपले आहे.’ पुसण्याची कळ बोटाखाली होती. त्यांनी बोट उचलून मांडीवर ठेवले.

बारकीने वाकून वाचले. “पहिले दोन मलाही माहीत होते,” ती म्हणाली. “निबंध असाच सुरू करायचा असतो असं वाटलं. शेवटचं वाक्य मात्र...” ती मनाशी एकदा पुटपुटली, आणि मान हलवली. “हो. जातं ते.” मग तिने दप्तरातून अर्ज काढला आणि कळफलकावर ठेवला. “सही, सर.”

“अजूनही?” हा शब्द त्यांच्या तोंडून इतका उघडा निघाला की त्यांनाच तो ओळखू आला नाही. “पेपर बंद होईल.”

“माहितीये. प्राचार्यांनी मलाही सांगितलं.” तिच्या चेहऱ्यावर कीव नव्हती, आणि जिंकल्याचेही काही नव्हते, खरेदी आटोपून पिशवी उचलणाऱ्या माणसाचा तो चेहरा होता. “तुम्ही एकदा वाचावं एवढंच हवं होतं. शिकायला मी दुसरीकडे जाईन.”

त्यांनी सही केली. ती नेहमीसारखीच वळणदार आली, याची त्यांना शिसारी वाटली. दार लोटल्याचा आवाज झाला, आणि थोड्या वेळाने, जिन्यात तिने फोनवरून फाइल बंद केली असावी, कोपऱ्यातले तिचे जांभळे वर्तुळ नाहीसे झाले. प्राध्यापक फाइल बंद करायला गेले. पण पान हलत होते. निळी रेघ, वकिलाची, हळूहळू वर जात होती. बारकीच्या निबंधावरून, त्याच्या आधीच्यावरून, आणि ती जाऊन वकिलाच्या स्वतःच्या निबंधात, पहिल्या परिच्छेदातल्या तिसऱ्या ओळीच्या शेवटी थांबली आणि लुकलुकत राहिली. केशरी निघाली, ती दुसऱ्याच एका निबंधात, अर्ध्या वाक्यात थांबली. मग हिरवी. मग बाकीच्या. कोणी एक अक्षर लिहीत नव्हते. नऊ रेघा नऊ ठिकाणी उभ्या राहिल्या, कोणी वर, कोणी जरा खाली, आणि त्या कुठे उभ्या आहेत ते कोणी सांगायची गरज नव्हती; शेरे देताना त्या दुपारी आपण कुठे कुठे वाचायचे थांबलो, ते त्यांनाही आता एकेक आठवत होते. निळी तर त्यांना डोळे मिटूनही सापडली असती. त्यांनी चष्मा पुसला, खुर्ची पुढे ओढली, आणि करडी रेघ वर नेऊन निळीच्या अगदी शेजारी ठेवली. निळी बाजूला झाली नाही.